हा उपाय कोणासाठी? उपशामक उपचारांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही असाध्य आजारातल्या शुश्रूषेबद्दल प्रश्न मागवले होते. नागपूर शहरातून आणि काटोल, हिंगण्याकडून पत्रं आली. उत्तरं तिघांनी मिळून दिली आहेत: पॅलिएटिव्ह केअरचे (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपशामक उपचारांचे) डॉक्टर, घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिका आणि वैद्यकीय कायद्याचे वकील. पत्रं संक्षेपाने छापली आहेत, ओळखीच्या खुणा काढल्या आहेत. औषधांच्या मात्रा तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून दिल्या आहेत. त्या ठरवायच्या तुमच्या डॉक्टरांनीच.

बाबांना (५८) जबड्याचा कॅन्सर आहे. खर्ऱ्याची जुनी सवय. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, आता गाठ परत आली. दुखण्यामुळे रात्रभर बसून असतात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, पण गल्लीतल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी परत केली. काका म्हणतात सवय लागेल, माणूस लवकर जाईल. आत्या म्हणते, प्रारब्धाचे भोग इथेच भोगून संपू द्या. — मानेवाडा

मॉर्फिन द्या, आणि घड्याळ लावून द्या.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चार तास टिकतो. ‘दुखलं की घ्या’ असं केलं की दुखणं प्रत्येक वेळी पूर्ण चढतं आणि मग ते उतरवायला जास्त औषध लागतं. हे औषध आधी कधी न घेतलेल्या माणसाला सहसा ५ मिलिग्रॅमपासून, म्हणजे १० च्या अर्ध्या गोळीपासून सुरुवात करतात. वय फार असेल किंवा किडनी कमजोर असेल तर २.५ पासून. नेहमीच्या वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाची मात्रा दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर चार तासांच्या मात्रेइतकीच एक जादा मात्रा देता येते. ती वहीत लिहा: किती वाजता दिली, दहापैकी किती दुखत होतं, तासाभराने किती उरलं. डॉक्टर पुढची मात्रा त्या वहीवरून ठरवतात. वही नसेल तर सगळा अंदाजच.

बाबांचं तोंड उघडत नसेल तर साधी गोळी कुटून पाण्यातून किंवा नळीतून देता येते. बारा तास चालणारी लांब असराची गोळी मात्र कधीही कुटू नका. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. चिठ्ठीवर नेमकी कोणती लिहिली आहे ते विचारून घ्या.

मॉर्फिन बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण बद्धकोष्ठ. पोट साफ होत नाही, माणूस कुंथतो, घरचे गोळी थांबवतात. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच सुरू हवं, आणि मॉर्फिन चालू असेपर्यंत रोज. मळमळ पहिले तीन-पाच दिवस होऊ शकते, तिची गोळी आधीच लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते. ती बहुतेक वेळा आधीच्या जागरणांची असते. मात्र हाक मारूनही जागे होत नसतील, श्वास मिनिटाला आठच्या खाली आला असेल, हातपाय सारखे दचकत असतील, तर पुढची मात्रा देऊ नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. आपल्याकडच्या मे महिन्यात हे जास्त सांभाळावं लागतं. पारा ४५ ला गेला, बाबांचं पाणी कमी झालं, लघवी आटली, की किडनी मंदावते आणि मॉर्फिनचे अंश अंगात साचतात. जी मात्रा जानेवारीत बरोबर होती ती तेव्हा जास्त ठरू शकते.

जबड्यात विजेचा झटका बसल्यासारखं किंवा जळल्यासारखं दुखत असेल तर ते नसेचं दुखणं. त्याला एकटं मॉर्फिन पुरत नाही, जोडीला अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध लागतं. हे वेगळं सांगितलं नाही तर मॉर्फिन वाढत राहतं आणि कळ तशीच राहते.

औषध दुकानात न मिळण्याचं कारण कायद्यात आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायचे की बहुतेकांनी ते ठेवणंच सोडलं. ज्या अफूपासून मॉर्फिन बनतं तिची कायदेशीर शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेशात नीमचला सरकारी कारखाना, आणि कॅन्सरचा रुग्ण मात्र गोळीविना, अशी कित्येक वर्षं गेली. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या रुग्णालयाला एका परवानगीवर मॉर्फिन ठेवता आणि देता येतं. म्हणून गल्लीत हिंडू नका. जिथे शेक झाले तिथल्या पेन क्लिनिकमध्ये, तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा एम्समध्ये विचारा: ‘तोंडाने घ्यायचं मॉर्फिन इथे मिळतं का आणि कोणत्या वारी?’ जाताना बायोप्सीचा कागद, चिठ्ठी आणि बाबांचं ओळखपत्र न्या. घरी गोळ्या कुलपात ठेवा आणि उरलेल्या तिथेच परत करा.

काकांना सांगा की शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी आहेत. सवय झाल्यामुळे औषध एकदम बंद करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं, इतकंच. आणि दुखण्याच्या मापाने वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. ‘आत्ताच दिलं तर शेवटी काय देणार’ हीही भीती नको. या औषधाला वरची ठरावीक हद्द नाही, दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते.

आत्याचा मुद्दा वेगळा आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. आपलं दुःख भोग म्हणून स्वीकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. बाबा स्वतः शुद्धीत राहून म्हणाले की मला थोडं दुखलेलं चालेल पण जपाला बसायला डोकं साफ हवं, तर मात्रा त्यांच्या इच्छेप्रमाणे कमी ठेवावी. पण दुसऱ्याच्या वाट्याचा भोग आपण ठरवायचा नसतो. विनयपिटकात (बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात) अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्षूची गोष्ट आहे. बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते, बुद्धांनी त्याला स्वतः अंघोळ घातली आणि म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. आत्याला बाबांसाठी काही करायचं असेल तर रात्री दहाची गोळी द्यायचं काम तिच्याकडे द्या.

दिराच्या गालाला कॅन्सरची जखम आहे. वास इतका की मुलं खोलीत जात नाहीत. ताट दाराशी ठेवतो. तोही भिंतीकडे तोंड करून जेवतो. — काटोल

या वासावर उपाय आहे, आणि तो महाग नाही.

अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून झाकून दहा मिनिटं उकळा, गार करा. जुनी पट्टी ओढू नका. ती या पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग आपोआप सुटते. कोरडी ओढली की रक्त येतं आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण हात लावू देत नाही. पट्टीच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्या. जखम त्याच पाण्याने धुवा, घासू नका. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर भुरभुरा आणि पट्टी बांधा. रोज एकदा, पाझर जास्त असेल तर दोनदा. हवेविना वाढणाऱ्या जंतूंमुळे वास येतो आणि हे औषध त्यांनाच मारतं. दोन-चार दिवसांत फरक कळतो. पट्टीसाठी जुन्या सुती धोतराचे तुकडे धुऊन कुकरमध्ये वाफवले तरी चालतात, फक्त डबा आत पाणी शिरणार नाही असा घ्या. उदबत्ती लावू नका. दोन वास मिसळले की मळमळ वाढते. खिडकी उघडी ठेवा.

अळ्या दिसल्या तर घाबरू नका, पण गालाच्या जखमेत घरी टर्पेंटाइन घालू नका. तोंड आणि डोळा जवळ आहे, त्या परिचारिकेकडून काढून घ्या. गडद रंगाचा एक टॉवेल उशाशी असू द्या. रक्त आलं तर त्याने पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. गडद कापडावर रक्त कमी दिसतं, रुग्ण आणि घरचे दोघंही कमी घाबरतात. रक्त थांबत नसेल तर वेळ न घालवता डॉक्टरांना फोन करा.

कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. वास कमी झाला की ताट आत न्या आणि सोबत जेवा.

आईला (६६) पित्ताशयाचा कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं की तिला सांगायचं नाही, ‘कावीळ आहे’ एवढंच. आता ती रोज विचारते, इतकी औषधं घेऊन बरं का वाटत नाही? परवा म्हणाली, तुम्ही चांगला डॉक्टर का बघत नाही? — महाल

ताई, तुमच्या आईने परवा जे विचारलं त्यातच या खोटेपणाची किंमत दिसते. तिला वाटू लागलंय की मुलं पैशाकडे बघतायत. खरं लपवलं की त्या जागी माणूस स्वतःचं काहीतरी भरतो, आणि ते बहुधा खऱ्याहून वाईट असतं.

डॉक्टरांची बाजू आधी सांगतो. भारतीय डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये असं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की शुद्धीतल्या सज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती हवी. त्या प्रकरणात संमती रुग्णाच्या आईकडून घेतली होती, ती चालली नाही. म्हणजे ‘घरच्यांनी ठरवलं’ हे आपल्याकडे कितीही रूढ असलं तरी कायद्याने आईच्या शरीराबद्दल आईलाच विचारायला हवं.

पण अधिकार आहे म्हणून सगळं एका दमात तिच्यापुढे ओतायचं असंही नाही. कळण्याचा अधिकार तिचा आहे, तसाच न कळण्याचाही तिचाच. म्हणून सुरुवात सांगण्याने करू नका, विचारण्याने करा. दुपारची निवांत वेळ निवडा. तिच्या जवळचं एकच माणूस बसा, फोन बंद, टीव्ही बंद. आधीची दुखण्याची गोळी लागू पडलेली हवी. मग, ‘आई, तुला काय वाटतं, हे कशाचं दुखणं आहे?’ आणि गप्प बसा. ही शांतता अवघड असते, ती तुम्ही भरू नका. बऱ्याच वेळा आई म्हणते, ‘मला कळतंय, ते दुसरंच काहीतरी आहे.’ तेव्हा विचारा, ‘रिपोर्टमध्ये काय आहे ते सगळं सांगू, की मोठ्या दादाशीच डॉक्टरांनी बोलावं?’ ती ‘मला नको सांगू’ म्हणाली तर तिथेच थांबा. त्या उत्तराला तितकाच मान द्या आणि आठवड्याने पुन्हा विचारा. ‘सांग’ म्हणाली तर पायरीपायरीने: गाठ साधी नाही. ती पसरली आहे. आजार घालवणारं औषध आता उरलेलं नाही. दुखणं, खाज, मळमळ यांवर औषध आहे आणि ते आम्ही देणार आहोत. प्रत्येक वाक्यानंतर थांबा. ‘किती दिवस?’ असं विचारलं तर तारीख देऊ नका, कोणालाच देता येत नाही. डॉक्टर वर्ष, महिने की आठवडे एवढं सांगू शकतात.

रडेल. रडू द्या. रडणं म्हणजे सांगण्यात चूक झाली असं नव्हे.

भावंडांचं मन वळवायचं असेल तर वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, न सांगण्याने आराम कोणाला मिळतोय? ते खरंच आईला जपत असतील, पण बहुतेक वेळा तिच्या डोळ्यांत बघून बोलायची भीती आपली असते. आणि वेळ फार नाही. यकृत बिघडत गेलं की गुंगी येते. दागिने कोणत्या सुनेला, मुदत ठेवीवर नाव कोणाचं, माहेरच्या कोणाला भेटायचं, हे तिने बोलायचे दिवस आत्ताचेच आहेत.

आजी (८४), स्मृतिभ्रंश. पंधरा दिवसांपासून दोन-तीन घासच खाते. पाहुणे म्हणतात, उपाशी मारता का, सलाईन तरी लावा. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात. — नंदनवन

आधी दुरुस्त होण्यासारखं काही राहिलंय का ते बघा. जीभ पांढरी झाली आहे का (बुरशी, औषधाने आठवड्यात जाते), कवळी टोचते का, चार दिवसांत शौच झालं का, लघवीचा संसर्ग आहे का, झोपेचं नवीन औषध सुरू झालंय का. यातलं काही निघालं तर भूक परत येऊ शकते. उलट्या, जुलाब किंवा उन्हाने पाणी कमी झालं असेल तर सलाईनला अर्थ आहे. शीर सापडत नसेल तर पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालून चोवीस तासांत लिटरभर पाणी सावकाश देता येतं, घरीसुद्धा. दोन दिवस द्या. तरतरी आली तर ठीक, नाही तर थांबवा, आणि हे आधीच ठरवून ठेवा.

आजार शेवटाकडे आला असेल तर गोष्ट उलटी होते. शरीर बंद होत आलं म्हणून भूक गेली आहे. भूक गेली म्हणून शरीर बंद पडतंय, असं नाही. साखरेच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, एका पोळीइतकीही ताकद नाही. ते पाणी पायांवर सूज आणि छातीत घरघर वाढवतं. बाटली टांगलेली दिसली की पाहुण्यांना बरं वाटतं, एवढाच तिचा उपयोग असेल तर सुई आजीच्या हातात कशाला?

नळीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पुढच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. आजी ती ओढणार, मग हात बांधावे लागणार. त्यापेक्षा हाताने भरवा. तिला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चहाचा अर्धा चमचा, गिळल्याची खात्री करून पुढचा. पातळ पाणी श्वासनलिकेत जातं, घट्ट आंबील, मऊ खिचडी, दही चालतं. खोकला आला की थांबा. नंतर अर्धा तास बसवून ठेवा. चार घास तर चार घास.

तोंड मात्र कोरडं पडू देऊ नका. अर्ध्या लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दर दोन तासांनी बोटाला कापड गुंडाळून जीभ, हिरड्या पुसा, ओठांना व्हॅसलिन लावा. गंगाजल द्यायचं असेल तर ओल्या कापडाने ओठ भिजवा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने ओतू नका, गुदमरतो. तुळशीचं पान जिभेवर न ठेवता ओठांना लावून काढून घ्या.

तत्त्वज्ञानात एमए करतोय. मरणासन्न रुग्णाला झोपेचं औषध देऊन बेशुद्ध ठेवणं हा सावकाश दिलेला दयामृत्यूच नाही का? आणि विनोबांनी अन्न सोडलं त्याला आपण मोठेपण देतो, मग इंजेक्शनला विरोध का? — विद्यापीठ परिसर

पहिल्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकातलं उत्तर दुहेरी परिणामाचं असतं, मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसपासून चालत आलेलं: हेतू चांगला असेल, वाईट परिणाम हे साधन नसेल आणि प्रमाण राखलं असेल तर कृती दोषी नाही. आम्हाला हे उत्तर इथे अपुरं वाटतं, कारण ते गृहीत धरतं की औषधाने मरण जवळ येतंच. योग्य मापाने दिलेल्या मॉर्फिनबाबत ते खरं नाही, आणि मापून दिलेल्या गुंगीबाबतही सहसा खरं नाही. त्याचा आधार जपून, खरोखर धोका असेल तिथेच घ्यावा.

फरक कृतीतच दिसतो. सगळे उपाय करूनही श्वास कोंडतोय किंवा भ्रमाने रुग्ण पलंगावरून उडी मारतोय, आणि आयुष्य तासांत किंवा थोड्या दिवसांत मोजण्याइतकं उरलंय, अशाच वेळी मिडाझोलामसारखं औषध थोडं थोडं करून, त्रास थांबेल तिथपर्यंत देतात. शक्य असेल तिथे एक-दोन दिवसांनी हलकं करून बघतात. आता एकच कसोटी लावा: अर्ध्या मात्रेत रुग्ण शांत झाला तर डॉक्टर तिथे थांबतात का? थांबत असतील तर हेतू आराम आहे. मरणाच्या इंजेक्शनला अर्ध्यावर थांबणं म्हणजे अपयश. या कसोटीवर डॉक्टर नापास होऊ शकतो, आणि म्हणूनच प्रत्येक मात्रेची नोंद ठेवायची असते. रुग्णाला वेळेत विचारलेलं असणं ही दुसरी अट. जागं राहून निरोप घ्यायचा असेल तर थोडा त्रास पत्करण्याचा निर्णय त्याचा.

विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ तारखेला ते गेले. नकार त्यांचा होता, शुद्धीतला होता, आणि जवळच्यांनी तो मानला. नको असलेला उपचार नाकारणाऱ्याला कोणी काही टोचत नाही, त्याच्यावर लादणं तेवढं थांबतं. इंजेक्शनमध्ये दुसऱ्याने मारायचं असतं. आपला कायदाही याच रेषेवर उभा आहे: अरुणा शानबाग प्रकरणात २०११ मध्ये आणि नंतर ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याला वाट दिली, मारण्याच्या इंजेक्शनला नाही. तुम्ही म्हणाल, परिणाम एकच. मान्य, काही ठिकाणी ही रेषा पुसट होते आणि त्यावर प्रबंध लिहायला जागा आहे. पण आपल्याकडे औषधाचा खर्च, सुनेची रजा आणि जमिनीची वाटणी रुग्णाच्या खाटेभोवती उभी असते. ‘मला मरू द्या’ म्हणणाऱ्या कित्येकांचं दुखणं आटोक्यात आलं, कोणी जवळ बसलं, की ती मागणी मागे पडते. मॉर्फिन सगळ्यांना मिळत नाही तोवर मरणाच्या हक्काबद्दल बोलणं आम्हाला घाईचं वाटतं.

विनोबांचा दाखला उलटा मात्र वापरू नका. बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्याचं जेवण घरच्यांनी तोडलं तर ते प्रायोपवेशन (स्वेच्छेने अन्न सोडून देह ठेवणं) होत नाही.

निवृत्त शिक्षिका, ७१. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. लिव्हिंग विल (स्वतः निर्णय घेता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणारा कागद) करायचं आहे. कोर्टात जावं लागतं का? — प्रतापनगर

आता नाही. २०१८ च्या निकालात दंडाधिकाऱ्याची सही लागत होती. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती अट काढली. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. एक प्रत तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, एकेक प्रत निर्णयासाठी नेमलेल्या माणसांना, आणि एक स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्यासाठी महानगरपालिकेकडे. तिथे पोच घ्या. निर्णयासाठी एकाहून अधिक माणसं नेमता येतात. दोन्ही मुलं दूर आहेत, तेव्हा नागपुरातलं एक विश्वासाचं नाव घालाच.

बहुतेक लिव्हिंग विल मजकुरात फसतात. ‘मला कष्ट नकोत’ एवढ्याने अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. असं लिहा: बरी होण्याची आशा नाही असं डॉक्टरांचं मत असेल आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर व्हेंटिलेटर नको, छाती दाबून हृदय सुरू करणं नको, डायलिसिस नको, नाकातून नळी नको. त्याच कागदावर काय हवं तेही लिहा: दुखण्याचं आणि दम लागण्याचं औषध, तोंडाची निगा, शक्य असल्यास घरी.

हा कागद तुम्ही बोलू शकत असेपर्यंत लागू होत नाही, तोवर तुमचा शब्दच शेवटचा. केव्हाही लेखी रद्द करता येतो. वेळ येईल तेव्हा रुग्णालय दोन मंडळं नेमतं: पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, परवानगी मागायची नाही. कागद नसलेल्यांसाठीही घरच्यांच्या संमतीने हाच मार्ग खुला आहे. म्हणून धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही अतिदक्षता विभागाबाहेर ‘सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ अशी सही करून श्वास कोंडलेल्या माणसाला न्यायची वेळ येऊ नये. न्यावंच लागलं तर मॉर्फिन, घराजवळच्या डॉक्टरांसाठीची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड हातात आल्याशिवाय निघू नका.

कागद लॉकरमध्ये ठेवू नका. रविवारी मुलांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवा. मुलांचं आपसात एकमत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

पतीला पक्षाघात आणि आता कॅन्सर. दोन वर्षं मीच करते. कधी कधी मनात येतं, सुटतील केव्हा. मग स्वतःचीच किळस येते. — हिंगणा

थकलेल्या माणसाच्या मनात हे येतं. त्यात पाप नाही, प्रेम कमी झाल्याची खूणही नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना नेमकं काम सांगा: मंगळवारी ११ ते १ तुम्ही बसा, औषधं तुम्ही आणा, रात्रीची कूस बदलायला पुतण्याने यावं. दर दोन तासांनी कूस एकटीने बदलणं कोणालाच झेपत नाही. हवेची गादी भाड्याने मिळते, ती घ्या. आठवडाभर त्यांना एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवून तुम्ही झोपलात तर ते टाकणं होत नाही. मरणाचेच विचार दिवसभर येत असतील, स्वतःबद्दलही, तर आजच डॉक्टरांना सांगा.

वडिलांना घरीच जायचं आहे. आम्ही तयार आहोत. पण रात्री झालं तर पोलीस, दाखला, यात काय करायचं? — सक्करदरा

तयारी आधी करायची. घराजवळच्या डॉक्टरांना आत्ताच बोलावून फाईल दाखवा आणि स्पष्ट विचारा: रात्री याल का, मृत्यूच्या कारणाचा दाखला द्याल का? शेवटच्या आजारात ज्यांनी तपासलंय तेच तो देऊ शकतात. शेवटच्या दिवसांसाठी दुखणं, घरघर आणि अस्वस्थतेची औषधं त्यांच्याकडून आणून ठेवा.

पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते, श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते. घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, गुंगीतल्या रुग्णाला सहसा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा. सक्शन (यंत्राने घशातला कफ ओढणं) करू नका.

इथे होणारी चूक एकच आणि मोठी: ऐनवेळी घाबरून १०८ बोलावतात. रुग्णालयात पोहोचेपर्यंत प्राण गेलेला असतो, ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं, शवविच्छेदनही होऊ शकतं. जुन्या आजाराने घरी आलेलं अपेक्षित मरण पोलिसांचं प्रकरण नसतं. डॉक्टरांना फोन करा, दाखला घ्या, मग घाट. दाखला आणि वडिलांचं ओळखपत्र सोबत ठेवा. २१ दिवसांच्या आत महानगरपालिकेत मृत्यूची नोंद करा.

नेत्रदान करायचं असेल तर कॅन्सर बहुधा आड येत नाही. रक्ताचा किंवा डोळ्याचा कॅन्सर आणि काही संसर्ग मात्र चालत नाहीत. सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक यावं लागतं, त्यामुळे त्यांचा नंबर डॉक्टरांच्या नंबराशेजारीच भिंतीवर लावा. ते येईपर्यंत पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा आणि डोकं उशीवर थोडं उंच असू द्या.